उजेडाचा हिशेब

जलरंगातलं जुनं चित्र जितका वेळ उजेडात राहतं तितकं ते झिजतं, आणि गेलेला रंग परत आणता येत नाही. एका चित्रकर्तीच्या शंभर वर्षांपूर्वीच्या चित्रांचं प्रदर्शन भरवण्याच्या कामात मी होते, तेव्हा ही गोष्ट सतत माझ्या डोक्यात घोळत राहिली. प्रदर्शन एका लहानशा खासगी कलादालनात होतं. त्यातून उभे राहणारे पैसे एका संग्रहालयाला जाणार होते आणि त्या पैशातून संग्रहालय हीच चित्रं ठेवायला नीट बंदिस्त, कोरडी, अंधारी खोली करणार होतं. खोली झाली की कुटुंब चित्रं दान देणार होतं. म्हणजे चित्रं कायमची अंधारात सुखरूप ठेवायची, तर आधी काही दिवस ती उजेडात आणणं भाग होतं.

बाईंचं नाव भिंतीवर मोठ्या अक्षरांत होतं, पण इथे देत नाही. कुटुंबातली आजची माणसं त्याच आडनावाची आहेत, आणि प्रदर्शनानंतर चित्रं विकता का म्हणून त्यांना पुष्कळ विचारणा झाली. तो त्रास आणखी वाढवायचा नाही.

चित्रं साठेक असतील. दोन-चार देखावे सोडले तर सगळी झाडापानांची. फूल हा शब्द मुद्दाम टाळते, कारण बाईंनी नुसतं फूल क्वचितच काढलं आहे. एकाच कागदावर कळी, उमललेलं फूल, त्याचा उभा छेद, शेंग, शेंगेतलं बी आणि शेजारी किडीनं खाल्लेलं पान. पानाची भोकं इतक्या काळजीनं काढलेली की भोकाच्या कडेची तपकिरी सुकलेली रेघही सुटलेली नाही. आणि कागद उलटा केला की मागे शिसपेन्सिलीत तारीख, झाड कुठे होतं ते, पाऊस झाला होता की नव्हता ते, आणि बऱ्याचदा ‘मागील वर्षी याच झाडास आठ दिवस आधी बहर’ अशा धर्तीची नोंद. मागची बाजू वाचायला लागल्यावर मला कळलं की ही वही आहे. फक्त तिची पानं सुटी आहेत.

काम सुरू झालं ते प्रत्येक चित्राच्या तपासणीपासून. संग्रहालयाच्या संवर्धक बाईंनी (जुन्या कलाकृती जपणं हे त्यांचं काम) आम्हा मदतनिसांना आधी हात धुवायला लावलं, मग ते पूर्ण कोरडे होईपर्यंत थांबवलं. हातमोजे मिळतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, कागदासाठी मोजे नकोत, मोज्यातून बोटाला कागदाची कड कळत नाही आणि कोपरा दुमडतो. टेबलावर शाईचं पेन ठेवायचीही परवानगी नव्हती. जे लिहायचं ते पेन्सिलीनं. प्रत्येक चित्राचा एक कागद: आकार, फाटलेलं कुठे, तपकिरी ठिपके कुठे, घड्या, डाग, किड्यांनी खाल्लेल्या जागा, जुन्या चिकटपट्टीच्या खुणा. याला सगळे कंडिशन रिपोर्ट म्हणतात. चित्र घरातून निघताना, दालनात पोचल्यावर, उतरवताना आणि परत जाताना तोच कागद पुन्हा भरायचा असतो. नवा ओरखडा उठला, तर तो कुठल्या टप्प्यावर उठला हे त्यावरून समजतं. विमा उतरवणाऱ्यांनाही तो लागतो.

या तपासणीत मला बघायला शिकवलं गेलं. चित्र सरळ उजेडात पाहिलं तर चित्र दिसतं. टॉर्च अगदी आडवी, कागदाला लागून धरली की कागद दिसतो: कुठे फुगलाय, कुठे रंगाचा थर जाड झालाय, कुठे पेन्सिलीनं दाब दिलाय. आडव्या उजेडात एका चित्रावर टोचल्याच्या बारीक खुणा दिसल्या, ठरावीक अंतरावर. चित्रकर्तीनं परकारानं पान मोजून मग ते कागदावर उतरवलं होतं. मागून उजेड धरला की कागदातला जलचिन्हाचा छाप दिसतो. बऱ्याच कागदांत व्हॉटमन या इंग्लिश कारखान्याचं नाव होतं आणि काहींत वर्षही. त्या वर्षाच्या आधी ते चित्र काढलेलं असूच शकत नाही, एवढं तरी पक्कं होतं. मागे तारीख नसलेली काही चित्रं अशा रीतीनं आपापल्या जागी बसली.

चार-पाच चित्रं मात्र घरात फ्रेम करून टांगलेली होती, खिडकीसमोरच्या भिंतीवर, कित्येक दशकं. त्यांतलं एक आम्ही उघडलं. जुना माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड कागदाची चौकट, बाजूला केला आणि सगळे गप्प झाले. माउंटच्या कडेखाली झाकलेली बोटभर रुंदीची पट्टी अजून ताजी होती. पानाचं टोक त्या पट्टीत शिरलं होतं, ते टोक गडद हिरवं. उजेडात राहिलेलं बाकीचं पान निळसर करडं. त्या पानाकडे मी आधी कितीतरी वेळ बघितलं होतं आणि बाईंची रंगाची जाण किती थंड, किती संयमी आहे असं मनाशी म्हटलं होतं. प्रत्यक्षात ती थंडी खिडकीतून आलेल्या उन्हाची होती.

कारण साधं आहे. त्या काळात झाडांची चित्रं काढणारे हिरवा रंग पुष्कळदा पिवळा आणि निळा मिसळून करत. पिवळ्यासाठी गॅम्बोज, म्हणजे एका झाडाचा डिंक, आणि निळ्यासाठी प्रशियन ब्लू. हूकर्स ग्रीन नावाचा प्रसिद्ध हिरवा मुळात याच दोघांचं मिश्रण. यातला गॅम्बोज उजेडाला टिकत नाही. तो उडतो, निळा मागे राहतो आणि पान निळं पडतं. कोचिनील किड्यांपासूनचा किरमिजी तर त्याहून नाजूक. उलट गेरू, पिवळी माती, अल्ट्रामरीन नावाचा निळा हे खनिज रंग उजेडात चांगले तग धरतात. म्हणजे एकाच चित्रातले वेगवेगळे रंग वेगवेगळ्या वेगानं म्हातारे होतात आणि चित्रकर्तीनं साधलेला तोल मोडतो. इंग्लंडमध्ये रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांनी 1888 मध्ये जलरंगांवर उजेडाचा काय परिणाम होतो याचा प्रयोगांसह सविस्तर अहवाल दिला होता. शास्त्र एवढं जुनं आहे, तरी घराघरांत जलरंग खिडकीसमोर टांगलेले असतात. तुमच्याकडे असं काही असेल तर कृपा करून आजच आतल्या भिंतीवर हलवा.

त्या एका पानानं पुढच्या सगळ्या निर्णयांना दिशा दिली. नाजूक रंगांसाठी दोन आकडे पाळायचे असतात, हे तेव्हा मी शिकले. भिंतीवर 50 लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड नको, आणि वर्षभरात एकूण 15,000 लक्स-तासांपेक्षा जास्त नको. लक्सला तासांनी गुणायचं, की झाला हिशेब. 50 लक्सनं 15,000 लक्स-तास म्हणजे 300 तास. दालन रोज सहा तास उघडं राहणार असेल, तर 50 दिवसांत चित्राचा वर्षाचा वाटा संपला. भर दुपारचं थेट ऊन एक लाख लक्सच्या घरात जातं. त्या उन्हात एक तास म्हणजे सहा वर्षांहून जास्त वाटा एका तासात खर्च.

50 लक्स म्हणजे किती? लक्स मीटर घेऊन आम्ही रिकाम्या दालनात उभे राहिलो आणि दिवे एकेक करून मंद करत गेलो. मीटरवर 50 आलं तेव्हा दालनचालक म्हणाले, ‘ताई, इथे लोक येऊन बघणार काय?’ त्यांचंही चूक नव्हतं. त्यांची रोजची चित्रं नवी, तैलरंगातली, ॲक्रिलिकमधली. ती भरपूर उजेडात खुलतात आणि विकली जातात. आमच्यासाठी त्यांनी भिंती फुकट दिल्या होत्या आणि विक्रीतलं कमिशनही सोडलं होतं, त्यामुळे त्यांच्यावर काही लादणं मला जड जात होतं. मार्ग संवर्धक बाईंनी काढला. डोळ्यांना मंद उजेडाची सवय व्हायला काही मिनिटं लागतात. म्हणून प्रवेशाची छोटी खोली जवळजवळ अंधारी ठेवायची, तिथे फक्त बाईंच्या आयुष्याविषयीचा मजकूर लावायचा. तो वाचून माणूस आत येईपर्यंत त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात आणि 50 लक्स पुरेसे वाटतात. भिंतीही पांढऱ्याच्या जागी करड्या केल्या. पांढऱ्या भिंतीसमोर कागद काळवंडलेला दिसतो.

हे सांगताना स्कॉटलंडच्या नॅशनल गॅलरीची आठवण निघाली. हेन्री वॉन या संग्राहकानं टर्नर या इंग्लिश चित्रकाराची जलरंगातली चित्रं त्या गॅलरीला मृत्युपत्रानं दिली ती एका अटीवर: वर्षात फक्त जानेवारीत दाखवायची, कारण तिथे तेव्हा उजेड सगळ्यात मंद असतो, आणि पाहायला पैसे घ्यायचे नाहीत. एक शतक उलटलं, गॅलरी ती अट अजून पाळते आणि त्या चित्रांचे रंग आजही टवटवीत आहेत. लोक जानेवारीची वाट बघतात. दालनचालकांना ही गोष्ट मनापासून आवडली. प्रवेशाच्या खोलीत ती लिहून लावायची कल्पना त्यांचीच.

शेवटी असं ठरलं की सगळी चित्रं एकदम लावायची नाहीत. निम्मी पहिल्या टप्प्यात, निम्मी दुसऱ्या. किरमिजी आणि गॅम्बोज ज्यांत जास्त, ती सर्वांत नाजूक चित्रं कापडी पडद्याआड. पाहणाऱ्यानं स्वतः पडदा उचलायचा, पाहायचं, सोडायचा. पडद्याला काही जणांनी विरोध केला, पण झालं उलटंच. त्या चित्रांसमोर लोक सगळ्यात जास्त थांबत.

माउंट आणि फ्रेमचं काम मेहनतीचं, पण त्याबद्दल थोडक्यात. आम्लविरहित बोर्ड, जपानी कागदाच्या दोन बारीक पट्ट्यांवर वरच्या कडेनं टांगलेलं चित्र, चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची खळ. उद्या पाण्यानं ओली करून ती काढता येते, हा तिचा गुण. पुढचं आवरण आणि कागद यांच्यात माउंटच्या जाडीएवढी फट. आवरण म्हणून काचेऐवजी अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक. घरी फ्रेम करून घेताना सेलोटेप आणि मागची पुठ्ठ्याची फळी या दोन गोष्टींना ठाम नकार द्या, बाकी बरंच निभावतं.

भिंतीवरच्या मजकुरावर मात्र आमची बरीच चर्चा झाली. पहिला खर्डा कुणीतरी जुन्या कौटुंबिक टिपणावरून केला होता. त्यात पहिलं वाक्य बाईंच्या यजमानांच्या हुद्द्याचं, आणि चौथ्या वाक्यात ‘स्त्रीसुलभ कोमल हातानं रेखाटलेली फुलं’. मी हे मान्य करायला तयार नव्हते. परकाराच्या टोचण्या आडव्या उजेडात मी स्वतः पाहिल्या होत्या. फुलाचा उभा छेद घेऊन पुंकेसर मोजणं हे निरीक्षणाचं काम आहे, कोमलतेनं ते होत नाही. पण ‘कोमल’ काढून ‘शास्त्रीय’ घालणं एवढ्यावर मला भागवायचं नव्हतं. बायका फुलं का काढत होत्या हेही सांगायला हवं होतं.

ते कारण दाराआड सापडतं. लंडनच्या रॉयल अकॅडमी या चित्रकारांच्या मानाच्या संस्थेच्या 1768 च्या संस्थापकांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन बायका होत्या. मोझर फुलांच्या चित्रांसाठीच नावाजलेली. योहान झोफनी या चित्रकारानं अकॅडमीच्या सदस्यांचं एकत्र चित्र काढलं, विवस्त्र मॉडेलभोवती जमलेले. बायकांना त्या वर्गात बसायची मुभा नव्हती, म्हणून या दोघी त्या चित्रात भिंतीवरच्या तसबिरी म्हणून आहेत. त्यानंतर अकॅडमीनं पूर्ण सदस्य म्हणून बाई निवडली ती 1936 मध्ये, लॉरा नाइट. मानवी देह शिकायचा मार्ग बंद, म्हणून इतिहासाचे, पुराणांचे मोठे प्रसंग रंगवायचा मार्ग बंद, आणि तेच चित्र श्रेष्ठ मानलं जायचं. फूल टेबलावर येत होतं. त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. मारिया सिबिला मेरियन ही जर्मन चित्रकर्ती 1699 मध्ये वयाच्या बावन्नाव्या वर्षी धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली आणि सुरवंट, कोश, फुलपाखरू आणि ते ज्या झाडावर जगतात ते झाड एकाच पानावर मांडलं. त्या मेजावरच्या फुलातून तिनं कीटकशास्त्राला हात घातला. आमच्या बाईंच्या किडक्या पानांसमोर मला तिची आठवण होते. त्यांनी मेरियनची चित्रं पाहिली असतील असं म्हणायला आधार नाही, आणि मी ते मजकुरात लिहिलंही नाही. शेवटी मजकुरात पहिलं वाक्य बाईंच्या नावानं सुरू झालं आणि यजमानांचा उल्लेख तिथे आला जिथे त्यांची बदली झाली आणि बाईंना नवी झाडं भेटली.

पैशाची गोष्ट. दालनात टांगलेली एकही वस्तू विकायची नाही आणि तरी पैसे उभे करायचे, हे दालनाच्या नेहमीच्या कामाच्या उलट आहे. दाराशी ऐच्छिक देणगी, निवडक चित्रांच्या छापील प्रती आणि ‘चित्र दत्तक घ्या’: एका चित्राची डागडुजी, माउंट आणि कायमची पेटी यांचा खर्च एका माणसानं किंवा कुटुंबानं उचलायचा, बदल्यात त्याचं नाव संग्रहालयाच्या नोंदीत त्या चित्रापुढे. ही शेवटची कल्पना सगळ्यात चांगली चालली. प्रतींसाठी वारसांची लेखी परवानगी घेतली. चित्रकाराच्या मृत्यूनंतर भारतात 60 वर्षं आणि पुष्कळ देशांत 70 वर्षं स्वामित्वहक्क चालतो, त्यामुळे चित्र जुनं दिसलं म्हणून कुणीही छापावं असं नसतं.

तिकीट लावून चित्रं दाखवण्याची जुनी उदाहरणंही आम्ही वाचली. मॅरियान नॉर्थ या इंग्लिश चित्रकर्तीनं जगभर फिरून काढलेली झाडांची तैलचित्रं 1879 मध्ये लंडनमध्ये भाड्याच्या खोलीत पैसे घेऊन दाखवली. पुढे लंडनमधल्या क्यू इथल्या वनस्पती उद्यानात स्वतःच्या खर्चानं इमारत बांधून दिली. ती 1882 मध्ये उघडली आणि आठशेहून अधिक चित्रं तिनं स्वतः ठरवलेल्या जागी आजही तिथे आहेत. तिच्याकडे पैसा होता, म्हणून तिची चित्रं एकत्र राहिली. बहुतेकींच्या बाबतीत ती पुढच्या पिढीच्या घर बदलण्यात पांगतात.

पांगण्याचा प्रसंग आमच्यावरही आला. प्रदर्शन निम्म्यावर असताना एका संग्राहकानं पाच-सहा चित्रं मागितली. देऊ केलेली रक्कम एवढी होती की खोलीचा सगळा खर्च एका फटक्यात निघाला असता. बैठकीत मतं विभागली. काही विकून बाकीची वाचवावीत, यात तर्क आहे आणि तसं म्हणणारे चित्रांवर प्रेम करणारेच होते. मी विरोधात बोलले, पण पारडं फिरवलं ते त्याच आठवड्यात आलेल्या वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त शिक्षकांनी. चित्रांच्या मागच्या नोंदींच्या छायाप्रती आम्ही खालच्या मेजावर ठेवल्या होत्या. सर चित्रं सोडून त्याच वाचत बसले. एकाच झाडाच्या बहराच्या तारखा वेगवेगळ्या वर्षांच्या चित्रांमागे विखुरलेल्या होत्या, त्या त्यांनी सलग मांडून दाखवल्या. झाडं कधी फुलतात याच्या जुन्या तारखा आज हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांना मोलाच्या असतात, कारण तेव्हाचं आणि आताचं ताडून बघता येतं. संग्राहकानं निवडलेल्या चित्रांपैकी दोन याच साखळीतली होती. कुटुंबातल्या आजी, बाईंची सर्वांत थोरली नात, बैठकीच्या शेवटी एवढंच म्हणाल्या, ‘मग सगळी एका घरात राहू देत.’ नकार कळवला गेला.

पैसे किती जमले हे सांगणं संग्रहालयाचं काम, आणि त्यांनी जमाखर्च दाराशी लावला होता. उथळ खणांची कपाटं, आम्लविरहित पेट्या आणि खिडक्या बंद करण्याचं काम यांना ते पुरले. आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास राखणारी यंत्रणा राहिली आहे. तोवर खोलीत नोंदयंत्र ठेवलं आहे आणि दमट हवेच्या महिन्यांत आमच्यापैकी कुणीतरी जाऊन आकडे उतरवतं. दानपत्रावर सह्या झाल्या. प्रत्येक चित्राच्या पेटीवर एक तक्ता डकवलेला आहे: कुठल्या तारखेपासून कुठवर, किती लक्सला, किती तास. बाईंची चित्रं पुन्हा कुणी मागायला आलं की आधी तो तक्ता बघायचा. किरमिजी फुलांची चित्रं पुढची काही वर्षं बाहेर येणार नाहीत, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या एका संस्थेकडे गेरू नि अल्ट्रामरीनमधले देखावे पाठवावेत असं मी सुचवलं आहे. त्याबरोबर मागच्या नोंदींची पूर्ण छापील यादीही जावी, असा माझा आग्रह आहे. ती यादी तयार करायचं काम सरांनी घेतलं आहे आणि मी त्यांना अक्षर लावायला मदत करते.